कानांनी पाहिलेला विश्वचषक: 15 मार्च 1975चं एक प्रकरण

माझा मामा आजही छातीठोकपणे सांगतो, की 1975चा हॉकी विश्वचषक असलम शेर खानने जिंकून दिला. शेवटची काही मिनिटं उरली होती, आपण मागे होतो, इतका वेळ बाकावर बसलेला पोरगा उठला, गळ्यातल्या ताइताचं चुंबन घेतलं, पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला आणि पाकिस्तान हरलं. मी हे लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. दरवेळी मामाचा आवाज त्याच ठिकाणी दाटून येतो.

यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. फक्त तो सामना अंतिम नव्हता आणि समोर पाकिस्तान नव्हतं. तो मलेशियाविरुद्धचा उपांत्य सामना होता. अंतिम सामन्यातले आपले दोन्ही गोल दुसऱ्यांचे, एक सुरजितसिंगचा आणि एक अशोककुमारचा. मामाला हे माहीत नाही असं नाही. समोर कागद ठेवला की तो मान्य करतो. पुढच्या वेळी गोष्ट सांगायला बसला की असलम पुन्हा अंतिम सामन्यात येतो.

या विजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं, की ज्यांनी तो दिवस रेडिओवर काढला त्यातल्या माझ्या ओळखीच्या माणसांकडे बसायचं आणि त्यांना काय आठवतं ते नीट उतरवून घ्यायचं. चारजण झाले. मामा, मावशी, आमच्या खडकीच्या जुन्या घराशेजारी राहणारे अण्णा आणि भुसावळला रेल्वेत मालगाडीचे गार्ड असलेले, आता पुण्यात लेकाकडे राहणारे एक काका. माझी स्वतःची आठवण पाचवी. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. एवढ्याशा माणसांवरून मोठा निष्कर्ष काढायचा नाही, हे मला कळतं. पण एकच घटना पाचजणांनी आपापल्या जागेवरून ऐकली आणि पन्नास वर्षं जपली, तर त्यातलं काय टिकलं, काय सरकलं आणि का, हे बघण्यासारखं आहे.

आधी कागदावरचं सांगून टाकतो. तिसरा विश्वचषक, मलेशियात, क्वालालंपूरला. स्पर्धा 1 मार्चला सुरू झाली आणि 15 मार्चला संपली. अंतिम सामना मर्डेका स्टेडियमवर, म्हणजे 1957च्या ऑगस्टमध्ये जिथे मलायाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली त्याच मैदानावर. गटात भारताने इंग्लंडला 2-1 हरवलं, ऑस्ट्रेलियाशी 1-1 बरोबरी केली, घानावर सात गोल चढवले आणि मग अर्जेंटिनाकडून 1-2 असा मार खाल्ला. पश्चिम जर्मनीला 3-1 हरवल्यावर कुठे उपांत्य फेरी दिसली. तिथे यजमान मलेशियाविरुद्ध जादा वेळेत 3-2. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध 2-1. सतराव्या मिनिटाला मोहम्मद झाहिदने पाकिस्तानला पुढे नेलं, चव्वेचाळिसाव्या मिनिटाला सुरजितने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि एक्कावन्नाव्या मिनिटाला अशोककुमारचा गोल. कर्णधार अजितपालसिंग. संघाची धुरा बलबीरसिंग सीनियर यांच्याकडे, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला माणूस.

हे सगळं कुठेही मिळतं. जे मिळत नाही ते म्हणजे त्या दिवशी खोलीत काय होतं.

खोलीत भीती होती. हे चौघांनीही, मी न विचारता, पहिल्यांदा सांगितलं. आजच्या वाचकाला हे जरा समजावून सांगावं लागेल, कारण "हॉकीत भारताचा सुवर्णकाळ" असं म्हणताना आपण सगळी जुनी वर्षं एका पोत्यात भरतो. 1975च्या मार्चमध्ये सुवर्णकाळ मागे पडला होता आणि ते ऐकणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. 1971ला बार्सिलोनाच्या पहिल्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पाकिस्तानने हरवलं. 1972ला म्युनिच ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत पुन्हा पाकिस्तान. 1974ला तेहरानच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण पाकिस्तानचं, रौप्य आपलं. यांच्यामध्ये 1973च्या दुसऱ्या विश्वचषकाचा ॲम्स्टेलवीनचा अंतिम सामना. तो हॉलंडविरुद्ध होता, आणि मामाच्या पिढीतल्या हॉकीवेड्या माणसाजवळ त्याचं नाव काढलं तर तो विषय बदलतो. सुरजितने दोन पेनल्टी कॉर्नर गोलात घातले होते, 2-0 अशी आघाडी होती, ती गेली. जादा वेळेत पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना मारायचा फटका, मिळाला, तो वाया गेला. शेवटी स्ट्रोक्सवर 4-2ने चषक हॉलंडला.

अण्णांच्या शब्दांत, "पुढे असलो तरी धाकधूक, मागे असलो तर विचारूच नको."

अण्णा मूळचे तमिळ, तीन पिढ्या खडकीत, मराठी आमच्यासारखीच. खडकी दारूगोळा कारखान्याची. आमच्याकडे कारखान्याच्या वसाहती, पलटणीच्या बराकी, चर्चच्या आजूबाजूची ख्रिस्ती घरं, तमिळ आणि तेलुगू कुटुंबं, असं सगळं एकमेकांत मिसळलेलं. पोरांच्या हातात क्रिकेटची बॅट कमी आणि हॉकीची स्टिक जास्त. ती स्टिक म्हणजे बहुतेकदा मोडकी, सुतळीने आवळलेली किंवा झाडाची वाकडी फांदी तासून केलेली. धनराज पिल्ले याच खडकीत 1968मध्ये जन्मला, म्हणजे त्या दिवशी तो सहा वर्षांचा. त्याने तो सामना ऐकला का, हे मी कधी विचारू शकलो नाही, पण आसपासच्या कुठल्या ना कुठल्या खिडकीतून तो त्याच्या कानावर पडला असणार असं मला वाटत राहतं.

वार शनिवार. आमची सकाळची शाळा. घरी आलो तेव्हा अण्णांच्या ओसरीवर माणसं जमायला लागली होती. त्यांच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. असा रेडिओ लावल्यावर लगेच बोलत नसे, दिवा तापेपर्यंत थांबावं लागायचं. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, ती एरियल. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. टीव्ही मुंबईत 1972पासून होता आणि पुण्यातही पोचला होता, पण परदेशातला सामना थेट घरात दिसण्याचे दिवस आले नव्हते. क्वालालंपूर आमच्यापर्यंत एकाच वाटेने यायचं, आकाशवाणीच्या समालोचनातून.

सामना किती वाजता सुरू झाला, हे मी प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने वेगळी वेळ सांगितली, आणि प्रत्येकजण ठाम. मी तो नाद सोडला. ऐकणाऱ्याचं घड्याळ सामन्यातल्या मिनिटांवर चालतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्या दिवशी कोणी पाहिलेलंच नसणार.

एका गोष्टीवर मात्र चौघांचं एकमत आहे, आणि ती म्हणजे जसदेवसिंग. हिंदी समालोचनातला तो आवाज. चेंडू मध्यरेषेपाशी असताना तो निवांत असायचा. कोणी डाव्या बगलेतून निघाला की शब्द एकमेकांना धक्के देऊ लागायचे, आणि चेंडू डीमध्ये, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळात, शिरला की वाक्यं पूर्ण होण्याआधीच पुढची सुरू. अर्थ कळण्याआधी चढ कळायचा. मावशीला हिंदी तेव्हा फारसं येत नव्हतं. ती म्हणाली, "मला खेळाडूंची नावं माहीत नव्हती रे. मी नुसता आवाज कुठवर चढतोय ते बघत होते."

मावशीचं सविस्तर सांगतो, कारण तिचं सांगणं मला सर्वांत मोलाचं वाटलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. ओसरीवर पुरुष आणि आम्ही पोरं. बायका आतल्या खोलीत. रेडिओ मधल्या भिंतीला लागून फळीवर होता, त्यामुळे आत आवाज यायचा, पण भिंतीतून गाळून आलेला. शब्द अर्धेमुर्धे. समालोचनाची लाइनसुद्धा मध्येच ओसरायची, खरखर व्हायची, पुन्हा भरून यायची. ती खरखर आली की बाहेर कोणीतरी उठून एरियलची पट्टी धरून उभं राहायचं. मावशी सांगते, की तिला सामना बाहेरच्या माणसांवरून कळत होता. ओसरी कुजबुजायला लागली की चेंडू त्यांच्याकडे, सगळ्यांचा श्वास एकदम थांबला की चेंडू आपल्याकडे आणि गोलाजवळ. पहिल्या सत्रात बराच वेळ बाहेर कोणी काहीच बोललं नाही, तेव्हा तिने ओळखलं की आपण मागे आहोत.

तिला ओसरीवर बसायला मिळालं नाही, याची खंत तिने पहिल्यांदाच बोलून दाखवली. पन्नास वर्षांत हे घरात कोणी विचारलंच नव्हतं. मी स्वतः ओसरीवर पहिल्या रांगेत होतो. तीही त्याच घरात, मधल्या भिंतीआड, तोच सामना ऐकत होती आणि मला तिची आठवणही नाही, याचं मला वाईट वाटलं, आणि ते इथे लिहायला हवं होतं.

पाकिस्तान सतराव्या मिनिटाला पुढे गेलं आणि चव्वेचाळिसाव्या मिनिटापर्यंत पुढेच राहिलं. म्हणजे खेळाची सत्तावीस मिनिटं आणि वर मध्यंतर. पस्तीस-पस्तीस मिनिटांची दोन सत्रं असायची तेव्हा. उपांत्य सामन्यात याच पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला 5-1 असं धुतलं होतं, हे पेपरात येऊन गेलेलं. मध्यंतरात अण्णांच्या वडिलांनी रेडिओ बंद करायला लावला, यंत्र तापतं म्हणून. मामा म्हणतो ते यंत्रासाठी नव्हतं, त्यांना पुढचं ऐकवत नव्हतं. अण्णा म्हणतात यंत्रासाठीच होतं. दोघं यावर अजून वाद घालतात.

सुरजितचा गोल मला स्वतःला आठवतो तो एका ठोक्यासारखा. पेनल्टी कॉर्नर म्हणजे तेव्हा गवतावरचा मामला: चेंडू ढकलायचा, वर्तुळाच्या कडेला एकाने हाताने दाबून थांबवायचा आणि दुसऱ्याने फटका मारायचा. गवत असमान, चेंडू उसळतो, थांबवणाऱ्याचा हात जरासा चुकला की संधी गेली. सुरजित उंचापुरा फुलबॅक, त्याच्या फटक्याबद्दल आम्हा पोरांत अफवा असायच्या, की गोलफळी फुटते वगैरे. गोल झाला आणि ओसरीवरची माणसं उभी राहिली. कोणाचा तरी पाय माझ्या बोटांवर पडला. मला तो पाय आठवतो. समालोचनातलं एक अक्षर आठवत नाही.

आणि मग एक्कावन्नावं मिनिट.

अशोककुमार म्हणजे ध्यानचंदांचा मुलगा. त्याने मारलेला चेंडू गोलखांबाच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला लागला आणि झटक्यात बाहेर आला. मलेशियाचे पंच विजयनाथन यांनी गोल दिला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली, चेंडू रेषा ओलांडून गेलाच नाही म्हणून. अशोककुमार पुढे आयुष्यभर सांगत आले, की चेंडू आत जाऊनच परतला. पाकिस्तानच्या बाजूने उलट सांगितलं गेलं आणि तिकडच्या चाहत्यांच्या आठवणीत तो गोल आजही गोल नाही. आजच्यासारखी दहा कोनांतून चित्रं नव्हती. शिट्टी वाजली तो गोल.

आता हे रेडिओवर कसं ऐकू आलं असेल याचा विचार करा. समालोचकाचा आवाज टिपेला. फटका. आणि मग चेंडू परत आलेला दिसतोय, म्हणजे ओरडायचं की थांबायचं? अण्णा शपथेवर सांगतात, की मध्ये पूर्ण शांतता होती, "दहा सेकंद तरी". मामा म्हणतो शांतता वगैरे काही नव्हती, लगेच गोल म्हणून ओरडले. भुसावळचे काका म्हणतात आधी गोल म्हटलं, मग वाद झाला, मग पुन्हा गोल. तिघंही तेच आकाशवाणीचं प्रक्षेपण ऐकत होते. माझा अंदाज असा, की शांतता रेडिओत असो वा नसो, ओसरीवर नक्की होती. रेडिओतून आलेला "गोल" हा शब्द त्या माणसांनी लगेच आत घेतला नाही. 1973मध्ये 2-0 हातातून गेलेलं ज्यांनी ऐकलंय, ते एका शब्दावर विश्वास ठेवत नाहीत.

काकांची गोष्ट वेगळी आहे आणि त्यांनी ती फार साधेपणाने सांगितली. ते भुसावळच्या रनिंग रूममध्ये होते. तिथे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सगळे पुढच्या गाडीची वाट बघत पडलेले, एकाचा ट्रान्झिस्टर मधल्या पलंगावर. सुरजितच्या गोलापर्यंत त्यांनी ऐकलं. अशोककुमारचा गोल त्यांनी दारात उभं राहून ऐकला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात झेंडे, कारण गाडीची वेळ झाली होती. शेवटची मिनिटं त्यांनी ऐकली नाहीत. मालगाडी मनमाडकडे निघाली. गार्डच्या डब्यात एकटा माणूस, मागे पळणारे रूळ आणि मनात 2-1. हॉलंडच्या वेळेचं आठवत होतं का, असं मी विचारलं. ते नुसते हसले.

वाटेत एका स्टेशनाच्या केबिनमधून माणूस बाहेर आला. गाडी थांबणार नव्हती. त्याने हिरवा झेंडा दाखवला, तो काखेत धरला आणि एका हाताची दोन बोटं आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. पुन्हा केलं. मग दोन्ही हात वर. काकांनी आपला झेंडा त्याला हलवून दाखवला, नियमात बसतो त्यापेक्षा जास्त वेळ. तो माणूस कोण होता, त्यांना माहीत नाही. पुढे कितीतरी वेळा त्या केबिनवरून गेले, दरवेळी तिकडे बघून मान हलवायचे, वेगळी माणसं असली तरी.

मी त्यांना विचारलं, "अंतिम सामना म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं?" ते म्हणाले, "तीन बोटं."

अशोककुमारच्या गोलानंतर एकोणीस मिनिटं उरली होती. मावशीला तो तास वाटतो. मामाला त्यातलं काहीच आठवत नाही. आणि इथेच मला मामाच्या चुकीचं कारण सापडलं असं वाटतं.

उपांत्य सामन्याकडे बघू या. घरच्या प्रेक्षकांच्या गजरात मलेशिया पुढे गेलं. शिवाजी पवारने बरोबरी केली. (हे नाव रेडिओवर आलं की आमच्या ओसरीवर उगाच एक लाट यायची. पंजाब, कूर्ग, भोपाळच्या नावांत एक शिवाजी! आम्हा पोरांना त्याच्याबद्दल नावापलीकडे काही माहीत नव्हतं आणि त्याची गरजही वाटली नाही.) मलेशिया पुन्हा पुढे, 2-1. आणि आता पाचेक मिनिटं राहिली. तेव्हा मायकेल किंडोच्या जागी असलम शेर खानला आत पाठवलं गेलं. भोपाळचा, 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या अहमद शेर खानांचा मुलगा. आत येतो काय, ताइताला ओठ लावतो काय आणि पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर गोलात घालतो काय! मग जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला.

मामाच्या मनात विश्वचषक त्या क्षणाला जिंकला गेला. कारण त्या क्षणापर्यंत तो हरला होता. अंतिम सामन्यात आपण पहिल्या सत्रात मागे पडलो, पण वेळ होता. उपांत्य सामन्यात वेळ संपला होता. मामाने, आणि मला शंका आहे की त्याच्यासारख्या कित्येकांनी, मनातल्या मनात रेडिओ बंद केला होता, आणि असलमने तो परत लावला. त्यानंतरचं सगळं, पाकिस्तान, सुरजित, अशोककुमार, तो कोपऱ्यातला चेंडू, हे त्या एका क्षणाचं शेपूट म्हणून मामाला आठवतं. पन्नास वर्षांनी त्याने दोन सामन्यांची शिवण उसवून सगळ्यांत घट्ट टाका अंतिम सामन्यावर घातलाय. ही चूक मी आता दुरुस्त करत नाही. तिच्यातून मला निकालाच्या तक्त्यापेक्षा जास्त कळतं.

चित्र समोर असतं तर ही सरमिसळ झाली असती का? मला नाही वाटत, निदान इतकी नाही. टीव्हीवर पाहिलेल्या सामन्यात जर्सीचा रंग असतो, कोपऱ्यात आकडे असतात. असलमच्या समोर पिवळी की हिरवी जर्सी, हे डोळे विसरू देत नाहीत. कानाने ऐकलेल्या दोन सामन्यांत आवाज एकच, खोली एकच, भोवतालची माणसं तीच. त्यांच्यात भिंत कशाची असणार?

उलट दिशेने झालेली सरमिसळही मला दिसली. अण्णांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की त्यांनी अशोककुमारचा गोल "पाहिला", चेंडू लागून कसा उलटा आला ते. मग स्वतःच थांबले. नातवाने मोबाइलवर जुन्या चित्रफितीचा धुरकट तुकडा दाखवला होता, आणि तो ओसरीवरच्या आवाजाला जाऊन चिकटला होता. ते जरा खट्टू झाले. म्हणाले, "आता माझं खरं कुठलं ते मला कळणार नाही."

या विजयाची आठवण इतकी घट्ट का राहिली, याचं एक कारण पुढे जे घडलं त्यातही आहे. वर्षभराने, 1976ला, मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम पृष्ठभागावर गेली आणि भारत सातवा आला. ज्या गवतावर थांबवणं, वळवणं, हुलकावणी देणं हा आमचा खेळ होता, ते गवतच निघून गेलं. पोरांना सराव करायला तसली मैदानं देशात मिळेनात. आणि विश्वचषक? 2023च्या स्पर्धेपर्यंत भारताला पुन्हा उपांत्य फेरीसुद्धा गाठता आली नव्हती. ऑलिंपिक पदकं आली, 1980चं सुवर्ण, मग चार दशकांनी टोकियो आणि पॅरिसची कांस्यपदकं, त्यांचा आनंद आम्ही टीव्हीपुढे बसून केला. पण विश्वचषक म्हटलं की माझ्या पिढीला मागे जावं लागतं, त्या एका शनिवारी. दुसरा असता तर पहिला एवढा झिजला नसता, एवढा चकाकलाही नसता.

त्याच 1975च्या जूनमध्ये क्रिकेटचा पहिला विश्वचषक झाला. लॉर्ड्सवर सुनील गावसकर साठ षटकं खेळून नाबाद 36 राहिले. त्या वर्षी कोणी आमच्या ओसरीवर येऊन सांगितलं असतं, की पुढे क्रिकेटच्या विश्वचषकासाठी हा देश रस्त्यावर उतरेल आणि हॉकीचा अंतिम सामना कोणी खेळला ते पोरांना विचारावं लागेल, तर त्याला हाकलून दिलं असतं. मला क्रिकेटबद्दल आकस नाही. पण अजितपाल, गोविंदा, फिलिप्स, वरिंदर, मोहिंदर, अशोक दिवाण ही नावं आज खडकीतल्या पोरांना सांगितली तर ती माझ्याकडे बघत राहतात, हे मला टोचतं. सुरजित तर 1984मध्ये जालंधरजवळ मोटार अपघातात गेला, ऐन बत्तिशी-तेहतिशीत. जालंधरच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. आमच्या ओसरीला ज्याच्या फटक्याने उभं केलं, त्याचं नाव तिथे आहे हे कळलं तेव्हा मी रडलो होतो.

आणखी एक गोष्ट, जी त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हती. तो चषक मुळात पाकिस्तानने दिलेला. विश्वचषकाची कल्पना त्यांची, चषक त्यांच्याकडे घडवलेला आणि 1971मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाला भेट दिलेला. अजितपालने तो उचलला तेव्हा समोरच्या संघाला काय वाटलं असेल! बलबीरसिंगांच्या आठवणीत एक प्रसंग येतो, की अंतिम सामन्याआधी ते असलमला घेऊन क्वालालंपूरच्या मशिदीत गेले आणि तिथे पाकिस्तानचे खेळाडूही नमाजाला आलेले होते. मामाला मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा तो पहिल्यांदा पाकिस्तानच्या त्या संघाबद्दल मायेने बोलला. म्हणाला, "तिकडेही कुणाच्या ओसरीवर रेडिओ लागला असेल की रे."

शेवटी मी एक गोष्ट करून पाहिली. चौघांनाही एकेक कोरा कागद दिला, पेन्सिल दिली आणि सांगितलं, अशोककुमारचा चेंडू कुठे लागला ते गोलाचं चित्र काढून दाखवा. आधी कोणाशी बोलू नका.

मामाने गोल काढला, डावा वरचा कोपरा, तिथे फुली. मग विचार करून खाली लिहिलं, "असलम नाही, अशोककुमार." अण्णांनी उजवा कोपरा काढला आणि लगेच खोडून डावा केला, नातवाच्या मोबाइलवरचं आठवल्यामुळे, हे त्यांनीच कबूल केलं. काकांनी गोल काढला, त्यात कुठेच फुली नाही, बाजूला रुळांच्या दोन रेषा आणि एक छोटी केबिन.

मावशीने गोल काढलाच नाही. तिने एक भिंत काढली, भिंतीच्या पलीकडे फळी, फळीवर चौकोनी रेडिओ. भिंतीच्या अलीकडे, रेडिओच्या बरोबर समोर, तिने एक ठिपका दिला.

"हा चेंडू का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ही मी. इथे कान लावून उभी होते."